कुणाकडची गं तू?

या मासिकात गेले दोन-तीन महिने लोकांचे विलक्षण अनुभव छापून येताहेत. कुणाला पिंपळाखाली पांढरी बाई दिसते, कुणाच्या घोड्याला ओढ्यापाशी पुढचं पाऊल टाकवत नाही. मी ते वाचते आणि हसते. माझे वडील ठाण्याला मास्तर, टेंभी नाक्याजवळ आमचं घर. मला मुलींच्या शाळेत घातलं म्हणून नातलगांनी आमच्याकडे जेवायचं सोडलं, तरी वडील बधले नाहीत. त्यांच्या तालमीत वाढलेली मी... भूत, हडळ, चकवा यांतलं काही मानणारी नव्हेच. सासरी आल्यावर तिन्हीसांजेला परसातल्या विहिरीवर एकटी जायची आणि आळीतल्या बायका तोंडात बोटं घालायच्या. त्याची मला जरा ऐटही होती, खोटं कशाला बोलू!

म्हणून तर ही गोष्ट पंधरा वर्षं घराबाहेर काढली नाही. कोणत्या तोंडानं काढणार? पण परवा शेजारी नवी सून आली. तिला काही कामासाठी पलीकडच्या घरी आतल्या दारानं पाठवायला तिच्या घरचे निघाले, तर मी त्या दारात आडवी झाले. बायका हसल्या. हसोत. त्या हसण्याला उत्तर म्हणून हे लिहिते आहे.

ठिकाण नीट सांगते. कल्याणात पारनाक्याच्या अंगानं आत आलात, की एक अरुंद आळी शेणाळ्या तळ्याच्या दिशेनं उतरते. आळीचं नाव देत नाही, मला अजून तिथेच राहायचं आहे. तिच्या उत्तरेच्या बाजूला नऊ घरं आहेत, एकमेकांना खेटून. खेटून म्हणजे दोन घरांत मिळून भिंत एकच. पुढे पडवी, मग ओटी, मग माजघर, मागे स्वयंपाकघर, परसू आणि विहीर. नवांची रचना एकच. ओटीपर्यंतचं घर पुरुषांचं आणि माजघरापासून मागचं बायकांचं.

आता या आळीची खुबी. प्रत्येक माजघराच्या दोन्ही बाजूंच्या भिंतींत एकेक बुटकं दार आहे. आळीत त्याला 'खिडकी' म्हणतात, पण आहे ते दारच... कमरेत वाकल्याशिवाय त्यातून जाता येत नाही एवढंच. आमच्या खिडकीतून शेजारच्या माजघरात, तिथून त्यांच्या शेजारच्या, असं करत आळीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाता येतं. पायाला रस्त्याची धूळ लागत नाही आणि परपुरुषाच्या नजरेस नखही पडत नाही. आळीला याचा केवढा अभिमान! 'आमच्या सुनांना उंबरठा ओलांडावा लागत नाही,' असं पाहुण्यांना सांगत. मी एकदा विचारलं होतं, की ओलांडावासा वाटला तर? तर सगळ्यांनी मला ऐकू न आल्यासारखं केलं.

हे सगळं बारकाईनं मला ठाऊक आहे ते इकडच्या स्वारीमुळे. हे ठाण्याला सर्व्हेच्या कचेरीत नकाशे काढायला होते. सकाळच्या गाडीनं जायचे, संध्याकाळच्या गाडीनं यायचे आणि रविवारी हौसेनं आपल्याच आळीचा नकाशा काढत बसायचे. मी शाई घोटून द्यायची आणि हे सांगायचे. आळीचा मूळपुरुष कोकणातून आला तेव्हा इथे कुडाची झोपडी होती, कारवीच्या काठ्यांना शेणमाती लिंपलेली, वर गवत. त्याच्या मुलांनी शेजारीशेजारी घरं बांधली आणि बायकांसाठी मधे खिडक्या ठेवल्या. पुढे एकदा आळी जळली, तेव्हा गवत जाऊन नळीची कौलं आली. पेशवाईत खांब सागवानी झाले. इंग्रजांनी गावचा कोट पाडला तेव्हा त्याचे काळे दगड लोकांनी आपापल्या जोत्यांना लावले. आणि आता दोन घरांवर मंगळुरी कौलंही चढली होती. प्रत्येक पिढीनं घर बदललं, पण खिडक्या होत्या तिथेच ठेवल्या. म्युनिसिपालिटीनं दारांवर डांबरानं नंबर घातले तेही रस्त्याच्या बाजूला. आमचं घर तीन नंबरचं.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी, त्यावाचून पुढचं कळणार नाही. नवऱ्याचं नाव घेतलं तर त्याचं आयुष्य कमी होतं, हे वाचणाऱ्या भगिनींना मी काय सांगायचं! नावच काय, नावासारखा शब्दही तोंडातून जायचा नाही. माझ्या सासऱ्यांचं नाव हरी. हे सहा वर्षांचे असताना ते गेले. तरीही सासूबाई हरभऱ्याला 'घोड्याचे दाणे' म्हणत. सणावाराला पुरण घालायचं झालं की घोड्याचे दाणे दळायला जात. माझ्या वाट्याला मध आला. मधाला मी 'माशीचं गोड' म्हणायची. हे एकांतात हसायचे. म्हणायचे, "एकदा नुसतं नाव घेऊन बघ. इथे कोण ऐकतंय?" मी, शाळा शिकलेली, भुतांना हसणारी... पण ते नाव ओठांशी आलं की माझी दातखीळ बसायची. हळदीकुंकवाला उखाण्यातून मात्र मी अगदी झोकात नाव घेत असे. तिथे ते चालतं. तिथे आपण नाव घेत नसतो, गंमत करत असतो.

असो. लग्नाला पाच वर्षं झाली होती. चैत्र महिना, आणि हे तापानं पडले. डिस्पेन्सरीतल्या डॉक्टरची कडू पूड झाली, कपाळावर मिठाच्या पाण्याच्या घड्या झाल्या, ताप हटेना. तिसऱ्या दिवशी सकाळपासून हाकेला ओ देणंही थांबलं. सासूबाई "बाळ, बाळ" करत बसल्या होत्या. डोळे अर्धे उघडे, पण नजर कुठेच नाही. गडी डॉक्टरला आणायला गेला तो परतला नव्हता. घरात आम्ही दोघीच. सासूबाई मला म्हणाल्या, "वैद्यबुवांकडे जा. आत्ता जा. खिडक्यांनी जा."

वैद्यबुवा नवव्या घरातले. म्हणजे मधे सहा खिडक्या. मी धावतच गेले. चौथ्या घरात बाई वाती वळत होत्या, सहाव्यात पाळणा हलत होता, आठव्यात भीमाकाकू पापड लाटत होत्या. मला बघून त्यांनी हातातलं लाटणं थांबवलं आणि विचारलं, "कसं आहे गं?" मी मान हलवली आणि पुढे गेले.

वैद्यबुवांनी मात्रा उगाळून एका शिंपल्यात घातली आणि वर केळीचं पान बांधलं. म्हणाले, "घटकेभरात पोटात जायला हवी, पोरी. घाम सुटला तर माणूस आपला. उशीर करू नकोस." घटका म्हणजे घड्याळाची चोवीस मिनिटं. शिंपला मुठीत धरला आणि मी निघाले. वैद्यबुवांच्या पत्नीनं माझ्यामागे खिडकी लावून घेतली. त्या कडीचा आवाज मी ऐकला.

वाकून आत आले आणि सरळ उभी राहिले. माजघर होतं, पण पापड नव्हते. भीमाकाकूही नव्हत्या. एक अनोळखी बाई सुपात तांदूळ निवडत होती. चाळिशीची, कपाळभर कुंकू, चेहरा प्रेमळ. तिनं वर बघितलं.

"ये. कुणाकडची गं तू?"

काकूंकडे पाहुण्या आल्या असतील, असं मला वाटलं. "तिसऱ्या घरची," असं जाता जाता म्हटलं आणि पुढच्या खिडकीतून वाकले.

पलीकडे पुन्हा माजघर. पुन्हा अनोळखी बाई. ही ताक घुसळत होती. "ये गं. कुणाकडची तू?"

"तीन नंबरच्या घरातली. हे सातवं घर ना?"

"नंबर म्हणजे काय?" तिनं हसून विचारलं. खरोखर ठाऊक नसावं असं विचारलं.

मी खिडक्या मोजत पुढे निघाले. तिसरी. चौथी. पाचवी. सहावी. सहाव्या खिडकीतून वाकताना मी सुटकेचा श्वास घेतला, कारण तिच्यापलीकडे आमचं माजघर, ह्यांचा बिछाना, सासूबाई... असायला हवं होतं. तिथे एक म्हातारी जात्याशी बसली होती.

"दमलीस गं," ती म्हणाली. "बस. कुणाकडची?"

मी मनाला समजावलं, की घाईत मोजायला चुकले. उन्हातून अंधाऱ्या घरात आलं की असं होतंच, असंही म्हटलं. पण मी उन्हातून आलेच नव्हते. मी म्हटलं, "आजी, मला घरी जायचंय. घरात आजारी माणूस आहे."

"जा की. कुणी धरलंय? पण घर कुणाचं, ते तर सांग. सांगितल्याशिवाय मी तरी कोणतं दार दाखवू?"

"ठाण्याला कचेरीत जातात ना, त्यांचं."

"ठाण्याला? रोज?" म्हातारीला हसू आवरेना. "काय गं पोरी, पक्षी आहेत का?"

"वन्संच्या भावाचं," मी म्हटलं. आपण असंच सांगतो ना?

"सगळ्या वन्संना भाऊ असतात."

"माझ्या सासूबाई लाल आलवणातल्या. सासरे लवकर गेले."

"त्यांचं नाव?"

आता सासऱ्यांचं नाव तरी कसं घेणार? आणि सासूबाईंचं? सुनेनं कुणाचं म्हणून नाव घ्यायचं, हे मला एकदा कुणीतरी लिहून द्यावं! माझं स्वतःचं नाव सांगितलं, तर म्हातारी म्हणाली, "ते तर तुला इथे आल्यावर दिलेलं. त्यानं काय कळणार?" मी माहेरचं सांगितलं. ती म्हणाली, "मग माहेरी जायचंय का?"

मी मागे फिरले. जिथून आले त्याच खिडकीतून वाकून परत गेले. तिथे मघाशी दिसलेली बाई नव्हती की कुणी ओळखीची नव्हती. वेगळीच बाई होती आणि वेगळंच माजघर. मी ओटीच्या दाराकडे धावले. रस्त्यावर पडले की नंबर दिसेल, माणसं दिसतील. दाराला हात लावला आणि पलीकडून पुरुषांची खाकरणी ऐकू आली, चुना तंबाखूवर चोळल्याचा आवाज आला. अंगावर घरातलं जुनेर, केस सुटलेले, आणि ओटीवर परके पुरुष... माझा हात कडीवरच राहिला. मी दार ढकललं नाही. नवरा तिकडे मरतोय आणि मी पदर सारखा करत उभी! या एका गोष्टीची लाज मला अजून वाटते.

मग किती खिडक्या ओलांडल्या ते सांगते. सहा आणि आणखी सतरा. मोजायचं मी सोडलं नाही, कारण मोजणं एवढंच माझ्या हातात होतं. पण घरं बदलत होती. आधी पायांखालची काळी फरशी गेली आणि जमीन सारवलेली आली. मग सागवानी खांबांच्या जागी ओबडधोबड खोडं आली. वर बघितलं तर नळीची कौलं. पुढे तीही नाहीत, गवत. भिंतीला हात लावला तर बोटांना शेणमाती लागली आणि आत कारवीच्या काठ्या जाणवल्या. ह्यांनी नकाशावर बोट ठेवून जे जे सांगितलं होतं, ते सगळं उलट्या क्रमानं माझ्यासमोर येत होतं. खिडकी मात्र प्रत्येक घरात तशीच होती, त्याच उंचीची. प्रत्येक वेळी मला तेवढंच वाकायला लागत होतं. आणि प्रत्येक माजघरात एक बाई, हातात काम, आणि तोच प्रश्न. एकीनंही आवाज चढवला नाही. सगळ्या मायेनं विचारत होत्या.

एका घरात मी रडले. तिथली बाई म्हणाली, "अगं, नाव घे म्हणजे झालं. उखाणा येत नाही का तुला?"

मला कोण आनंद झाला! हे कसं सुचलं नाही? दारात अडवलं की उखाणा घ्यायचा आणि वाट मोकळी करून घ्यायची, हे तर शेंबड्या पोरीलाही ठाऊक असतं. मी डोळे पुसले आणि उभ्या उभ्या रचला —

"शेणाळ्याच्या तळ्यात कमळं फुलली दाट,
माधवरावांचं नाव घेते, सोडा माझी वाट."

"वा!" ती बाई खुलून म्हणाली. "किती छान घेतलंस! पुन्हा घे बरं."

मी पुन्हा घेतला. तिनं मान डोलावली, माझ्या कपाळाला कुंकू लावलं. मग म्हणाली, "बरं. आता सांग, कुणाकडची गं तू?"

मला वाटतं, माझ्या डोक्यात काहीतरी तुटलं ते तेव्हा. मी लाज सोडली आणि ओटीचं दार धाडकन ढकललं. असोत पुरुष! पण पुरुष नव्हते. ओटी नव्हती. दारापलीकडे आणखी एक माजघर होतं.

हे मोठं होतं, आणि त्यात कुणी काम करत नव्हतं. भिंतीला पाठ लावून बायका बसल्या होत्या. काही माझ्या वयाच्या, काही पोरसवदा. कुणाचं लुगडं आमच्यासारखं, कुणाचं जाडंभरडं, कधी न पाहिलेल्या काठाचं. प्रत्येकीच्या हातात काही ना काही होतं. एकीजवळ झाकलेली वाटी. एकीच्या पदराच्या टोकाला काही बांधलेलं. एकीनं तांब्या मांडीवर धरला होता आणि पाणी सांडू नये म्हणून त्यावर तळहात ठेवला होता.

"तुम्ही सगळ्या इथे काय करता?" मी विचारलं.

"घरी जायचंय," तांब्यावाली म्हणाली. "ह्यांना तहान लागलीय."

"मग जात का नाही?"

"विचारतात ना, कुणाकडची म्हणून." ती ओशाळल्यासारखी हसली. "आता असं कसं सांगायचं, बाई?"

वाटीवाली जरा सरकली आणि तिनं शेजारची जमीन हातानं झाडली. "बस," ती म्हणाली. "जागा आहे."

वाचकहो, खरं सांगते, मी बसणार होते. त्या सगळ्या इतक्या शहाण्या, इतक्या मर्यादशील दिसत होत्या, की त्यांच्यात बसणं हेच बरोबर आहे असं वाटायला लागलं होतं. आपण नाव घेतलं नाही, आपल्याकडून तरी त्यांचं आयुष्य कमी झालं नाही. नंतर काय होईल ते देवाच्या हाती. मी खाली वाकलेसुद्धा. तेवढ्यात मुठीतल्या शिंपल्यावरचं पान माझ्या घामानं चिंब झाल्याचं बोटांना कळलं आणि मनात आलं, आत औषध सुकत असेल. औषध सुकतंय आणि मी आयुष्य वाचवतेय! कुणाचं?

मी ओरडले. राव नाही, यमक नाही. त्यांच्या आईनं मारावी तशी हाक मारली.

"माधव!"

बायकांनी कानांवर हात ठेवले. मी पुन्हा ओरडले. "माधव! अरे माधव!"

आणि ओ आली.

डाव्या हाताच्या भिंतीपलीकडून. क्षीण, कोरड्या घशातली, पण ह्यांचीच. तिकडे खिडकी होती. मी त्या बायकांकडे वळूनही न बघता तिच्यात घुसले, डोकं वरच्या चौकटीवर आपटलं, आणि आमच्या माजघरात गुडघ्यांवर पडले. ह्यांचे डोळे उघडे होते आणि ते खिडकीकडे बघत होते.

मात्रा सुकली नव्हती. सासूबाईंनी ती चाटवली. दिवेलागणीला ह्यांना असा घाम फुटला की दोन पंचे भिजले.

आता जे नंतर कळलं ते सांगते. मी भर दुपारी निघाले होते आणि घरात पडले तेव्हा उन्हं परसातल्या भिंतीवर चढली होती. चार तास तरी गेले होते. सासूबाईंनी मधे आळीभर शोध घेतला होता. वैद्यबुवांच्या पत्नीनं शपथेवर सांगितलं, की मी खिडकीतून गेले आणि मागे कडी तिनंच लावली. खिडकीच्या पलीकडे भीमाकाकू दुपारभर पापड लाटत बसल्या होत्या, त्यांनी मला परत येताना पाहिलंच नव्हतं. माझी हाक मात्र नवाच्या नवा घरांनी ऐकली होती. तिसऱ्या घरच्या सुनेनं नवऱ्याला नावानं हाक मारली, तीही अरेतुरे करून! ही बातमी ताप उतरायच्या आत तळ्यापर्यंत पोचली.

हे बरे झाल्यावर मोजणीची साखळी घेऊन निघाले. आठव्या आणि नवव्या घरामधली भिंत मोजली. दीड हात. आत पोकळी नाही, भुयार नाही, एक वीट हलत नाही. मग मला म्हणाले, की दोन दिवसांची उपाशी होतीस, जागरण होतं, वैद्यांच्या परसात कुठेतरी ग्लानी येऊन पडली असशील. मला ते पटलं. पटायलाच हवं होतं, माझ्या वडिलांनीही हेच सांगितलं असतं. मी विचारलं, मग तुम्ही ओ कशी दिली? तर म्हणाले, कुणी नावानं हाक मारली म्हणून दिली. एवढंच आठवतं.

पण मला मनातून धास्ती होती ती सासूबाईंची. त्यांच्या एकुलत्या एका मुलाचं नाव मी चव्हाट्यावर घेतलं होतं. पाचव्या-सहाव्या दिवशी हे उशीला टेकून बसले, पेज प्यायले आणि झोपले. मी स्वयंपाकघरात सासूबाईंच्या पायांशी बसले आणि सगळं सांगितलं. तांदूळ निवडणारी, म्हातारी, कुंकू, गवताचं छप्पर, भिंतीशी बसलेल्या बायका. म्हटलं, "तुम्ही काय शिक्षा द्याल ती द्या. मला दुसरं काही सुचलं नाही."

सासूबाई चुलीकडे बघत होत्या. म्हणाल्या, "उखाणा घेतलास, तेव्हा पुन्हा घे म्हणाली ना?"

मी त्यांना उखाण्याचं सांगितलं होतं. पण ती 'पुन्हा घे' म्हणाली, हे सांगितलं नव्हतं.

"मीही घेतला होता," त्या म्हणाल्या. "तुझे सासरे आजारी होते. मी पाचव्या घरी सुंठ आणायला गेले होते, ह्याच खिडक्यांनी. बाळ सहा वर्षांचं. त्या बायका मला बस म्हणाल्या." त्यांनी चुलीतलं लाकूड मागे ओढलं. "मी बसले गं."

मी त्यांच्या पायांवर हात ठेवला.

"नाव घेऊन त्यांचं आयुष्य कशाला कमी करू, असं वाटलं मला. सुंठ हातात धरून बसले. मग माझ्या सासूबाईंचा आवाज आला. हंबरडा फोडून हाका मारत होत्या. हरी, अरे हरी..." ते नाव त्यांच्या तोंडून मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. "त्या हाकेनं दार सापडलं. आले तेव्हा तुझ्या सासऱ्यांना अंथरुणावरून खाली घेतलं होतं."

आता यावर मी काय म्हणू? ग्लानी एकीला येईल. तीच ग्लानी, तीच बाई, तोच प्रश्न दोघींना, वीस-बावीस वर्षांच्या अंतरानं? सासूबाई मी येण्याआधी ते कुणापाशी बोलल्या नव्हत्या आणि नंतरही कधी बोलल्या नाहीत. आता त्याही नाहीत. हे धडधाकट आहेत आणि मी त्यांना जेवायला नावानं हाक मारते, आळी काय म्हणायचं ते म्हणो. आमच्या दोन्ही खिडक्या आम्ही विटांनी बुजवून घेतल्या. ते काय होतं, कुठे होतं, याचा उलगडा मला झालेला नाही आणि ह्यांचा नकाशाही त्याला पुरा पडत नाही.

पण त्या दिवशी उठता उठता सासूबाईंनी मला एक साधी गोष्ट विचारली होती. तिचं उत्तर तरी मला देता यायला हवं होतं.

"तिथे अजून किती जणी होत्या गं?"

दारं मी एकूणएक मोजली होती. बायका मोजल्या नव्हत्या.